घोडामैदान आणि वरात : बंगळूरच्या रेस-पत्रकारितेतील कारणमीमांसेचा लोप

१

मराठीत घोड्यावरून आलेले दोन वाक्प्रचार नेहमी वापरले जातात. 'घोडामैदान जवळच आहे' असे म्हणणारा कसोटीची वेळ येऊन ठेपल्याची जाणीव करून देतो. 'वरातीमागून घोडे' असे म्हणणारा वेळ निघून गेल्यावर सुचलेल्या शहाणपणाची थट्टा करतो. घोड्यांच्या शर्यतींविषयी वृत्तपत्रांतून होणारे लेखन या दोन वाक्प्रचारांच्या मधल्या जागेत वावरत असते. शर्यतीपूर्वीचा अंदाज आणि शर्यतीनंतरचा वृत्तांत ही त्याची दोन अंगे होत. या दोहोंना जोडणारा दुवा कारणमीमांसेचा असतो. तो दुवा तुटला की अंदाज ही नुसती भविष्यवाणी ठरते आणि वृत्तांत ही नुसती नोंद.

रेसविषयक लेखन हा समीक्षेचाच एक उपप्रकार आहे, हे विधान प्रथमदर्शनी धाडसाचे वाटेल. परंतु त्याची घटना तपासली असता साधर्म्य ध्यानात येते. समीक्षक कलाकृती वाचतो, तिची पूर्वपरंपरा जाणतो, गुणदोषांची चर्चा करतो आणि निर्णय देतो. रेस-लेखक घोड्याचे पूर्ववृत्त वाचतो, त्याची वंशावळ, ट्रेनर व जॉकी यांची पद्धती जाणतो, पाठीवरील वजन आणि धावण्याचे अंतर यांचा मेळ घालतो आणि निर्णय देतो. भेद एवढाच की साहित्यसमीक्षकाचा निर्णय योग्य होता की नाही हे ठरायला कधी पन्नास वर्षे लागतात, कधी ते ठरतच नाही. रेस-लेखकाच्या निर्णयाचा निकाल मात्र त्याच दुपारी, दीड-दोन मिनिटांत, हजारो लोकांसमक्ष लागतो. मूल्यनिर्णय आणि त्याचा पडताळा यांच्यात इतके थोडे अंतर असणारा दुसरा लेखनप्रकार सांगणे कठीण आहे. तौलनिक साहित्याभ्यासाने त्याकडे लक्ष द्यावे यास एवढे कारण पुरेसे आहे.

या लेखनाचा दर्जा घसरला आहे, अशी तक्रार रेसच्या जुन्या वाचकांत सर्वत्र ऐकू येते. तिचे स्वरूप बहुधा 'पूर्वीचे अंदाज बरोबर येत, आताचे येत नाहीत' असे असते. प्रस्तुत लेखात ही तक्रार त्या स्वरूपात स्वीकारलेली नाही. अंदाज पूर्वीही चुकत, आजही चुकतात. ऱ्हास झाला आहे तो अंदाजामागचे कारण वाचकापुढे मांडण्याच्या शिस्तीचा. आणि भारतातील घोडेशर्यतींचे विशिष्ट कायदेशीर स्थान पाहता या ऱ्हासाची किंमत एकट्या वाचकाला मोजावी लागते असे नाही.

२

भारतात घोड्याविषयी लिहिण्याची परंपरा रेसकोर्सहून कितीतरी जुनी आहे. शालिहोत्र व नकुल यांच्या नावांवर अश्वशास्त्राचे ग्रंथ आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लासा'त राजाच्या विनोदांमध्ये वाजिवाह्याली, म्हणजे अश्वक्रीडेला स्वतंत्र स्थान दिलेले आढळते. जुन्या मराठीच्या खुणा जतन करणारा ग्रंथ म्हणूनही तो मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहे. शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे असलेल्या बंगळुराहून व्यंकोजीराजे तंजावरास गेले. त्यांच्या घराण्याने जोपासलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयाने नकुलाच्या नावावरील 'अश्वशास्त्र' १९५२ मध्ये सचित्र प्रसिद्ध केले.

या परंपरेत घोड्याचे व त्याच्या धन्याचे भवितव्य लक्षणांवरून सांगितले जाते. वर्ण, अंगावरील भोवरे, कपाळाचा व पायांचा पांढरेपणा ही ती लक्षणे होत. चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा असलेला घोडा 'पंचकल्याणी' म्हणून शुभ मानला जातो. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याच्या घोडेबाजारात आजही गिऱ्हाईक या खुणा पाहूनच किमतीचे बोलते. या शास्त्राची भाकिते आधुनिक कसोटीला उतरणार नाहीत हे उघड आहे. पण त्याच्यापाशी एक गुण होता. अमुक लक्षण म्हणून अमुक फळ, हा नियम ते उघडपणे सांगत होते. नियम चुकीचा असला तरी उच्चारलेला होता, आणि म्हणून त्याच्याशी वाद घालता येत होता.

इंग्रजी अमदानीत लक्षणांची जागा कर्तृत्वाने घेतली. मुंबईत १८२८ मध्ये 'ओरिएंटल स्पोर्टिंग मॅगझिन' हे नियतकालिक सुरू झाले. शिकारीबरोबर शर्यतींचे वृत्तही त्यात येई. पुढे महालक्ष्मीचे रेसकोर्स १८८३ मध्ये उभे राहिले आणि घोड्याची प्रत्येक धाव नोंदली जाण्याची पद्धत रुळली. कोणत्या अंतरावर, किती वजन घेऊन, कोणाच्या मागे किती लांबीने तो आला, याचे पूर्ववृत्त हीच घोड्याची संहिता झाली. या संहितेच्या वाचनाची शास्त्रे पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकात तयार झाली. इंग्लंडमध्ये फिल बुल यांनी १९४८ मध्ये 'टाइमफॉर्म' ही संस्था स्थापन करून प्रत्येक घोड्याच्या योग्यतेला आकडा व त्यासोबत भाष्य देण्याची प्रथा दृढ केली. अमेरिकेत अँड्र्यू बायर यांनी १९७५ मध्ये 'पिकिंग विनर्स' हे पुस्तक लिहून वेगाचे गणित सर्वसामान्य वाचकापुढे ठेवले. १८९४ पासून निघणाऱ्या 'डेली रेसिंग फॉर्म' या पत्राने १९९२ पासून त्यांचे आकडे नियमाने छापले. या दोघांचेही महत्त्व त्यांनी किती विजेते सांगितले यावर ठरत नाही. निर्णयाची रीत त्यांनी खुली केली, त्यामुळे वाचकाला लेखकाशी सहमत न होण्याचे साधन मिळाले.

३

बंगळूर हे भारतीय रेसिंगच्या प्रमुख केंद्रांपैकी एक. टिपू सुलतानाच्या काळापासून घोड्यांच्या पैदाशीशी नाव जोडले गेलेले कुणिगल या शहरापासून फार दूर नाही. 'स्क्वॉन्डरर'सारखा असामान्य घोडा घडवणारे रशीद बैरामजी यांची कारकीर्द बंगळूरशीच निगडित राहिली. शहराच्या मध्यभागी असलेल्या बंगळूर टर्फ क्लबचे रेसकोर्स उन्हाळी आणि हिवाळी अशा दोन मोसमांसाठी ओळखले जाते. या मोसमांभोवती शहरातील इंग्रजी दैनिकांत जो मजकूर रूढ झाला, त्याचे तीन भाग पडतात.

पहिला भाग पहाटेच्या सरावाचा. घोड्याचे नाव, कंसात जॉकीचे नाव, अंतर, लागलेला वेळ आणि शेवटी दोन-तीन शब्दांचा शेरा, अशी ही नोंद असते. दुसरा भाग शर्यतीपूर्वीच्या अंदाजाचा. दिवसाची प्रमुख शर्यत कोणती, तिचे अंतर किती, फॉल्स रेल लावले आहे की नाही हे एका वाक्यात सांगून पुढे प्रत्येक शर्यतीतील घोडे, त्यांची वजने व जॉकी यांची यादी येते. यादीखाली पहिला, दुसरा, तिसरा अशी तीन नावे असतात. सर्वांत शेवटी दिवसाचा सर्वोत्तम घोडा आणि जॅकपॉट कोणत्या शर्यतींचा हे सांगितले जाते. तिसरा भाग निकालाचा. विजेत्यांची नावे, लांब्यांचे अंतर, वेळ, टोटचे भाव, मालक व ट्रेनर यांचा त्यात समावेश असतो.

या मजकुराची शैली साचेबंद आहे, असा आक्षेप सहज घेता येईल. सरावाच्या नोंदींतील शेरे ठरावीक असतात: चाल मोकळी होती, घोडा उत्तम स्थितीत आहे, समाधान दिले, ताण न देता धावला. पण साचेबंदपणा हा स्वतः दोष नव्हे. मिलमन पॅरी व अल्बर्ट लॉर्ड यांनी मौखिक महाकाव्यांतील पुनरावृत्त पदबंधांचा जो अभ्यास केला त्यातून हेच दिसले की ठरावीक शब्दसंहती ही परंपरेची संकेतव्यवस्था असते. ती ऐकणाऱ्याला ज्ञात असेल तर कमीत कमी शब्दांत पुष्कळ सांगता येते. रेसच्या पानावरील शेऱ्यांनाही असा संकेतार्थ असतो. 'समाधान दिले' आणि 'छाप पाडली' यांत एका पायरीचे अंतर आहे, आणि ते अंतर जाणणारा वाचक त्या पायरीवर आपले पैसे तोलतो.

संकेतव्यवस्था निकामी होते ती पुनरावृत्तीमुळे नव्हे, भेद नाहीसा झाल्यामुळे. एकाच पहाटे सरावलेल्या पंधरा-वीस घोड्यांपैकी बहुतेकांना अनुकूल शेरा मिळू लागला, मंद धावलेल्या घोड्यालाही 'मोकळी चाल' लाभू लागली, की शब्दाचे नाणे खोटे होते. प्रतिकूल शेरा जवळजवळ दिसतच नाही, ही गोष्ट येथे विशेष सूचक आहे. ज्या समीक्षेत 'नाही' म्हणण्याची सोय उरलेली नाही तिच्यातील 'होय'लाही वजन राहत नाही. ग्रंथपरीक्षणांच्या स्तंभात हाच रोग मराठी वाचकाने पुष्कळदा पाहिला आहे.

४

कारणमीमांसा असलेला आणि नसलेला मजकूर यांतील फरक एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करता येईल. चौदाशे मीटरच्या एका हँडिकॅप शर्यतीत 'अ' आणि 'ब' हे दोन घोडे आहेत असे समजू. 'ब' मागल्या खेपेस बाराशे मीटरवर पाच लांब्यांनी जिंकला आहे. त्या विजयामुळे त्याचे गुणांकन वाढून आज त्याला पाच किलो अधिक वजन घ्यायचे आहे. 'अ' त्याच शर्यतीत चौथा आला होता, परंतु वळणावर त्याची वाट अडली होती आणि शेवटच्या दोनशे मीटरांत तो सर्वांत वेगाने धावत होता. आज त्याच्या पाठीवर वजन कमी आहे आणि अंतर वाढलेले आहे.

आजचा स्तंभ येथे 'ब, अ, क' एवढेच छापील. वाचकाला त्यातून एक क्रम मिळतो, ज्ञान काहीच मिळत नाही. कारणे सांगणारा लेखक 'ब'च्या विजयाचा वेग खरा किती होता, पहिले सहाशे मीटर मंदगतीने गेल्यामुळे तो फुगलेला तर नव्हता, हे पाहील. 'अ'च्या वंशात अधिक अंतराची ताकद आहे का, हे तपासेल. फॉल्स रेलमुळे आतली वाट कुणाला लाभेल, याचा विचार करील. इतके करून तो 'ब'चेच नाव देईल आणि कदाचित चुकेलही. पण दुपारी 'ब' हरल्यावर वाचकाला कोणती कडी निसटली ते कळेल. वजनाचा हिशेब चुकला, की अंतराचा, की जॉकीने घाई केली? दुसऱ्या दिवशीचा वृत्तांत या प्रश्नाचे उत्तर देऊ शकतो, कारण प्रश्न आदल्या दिवशी मांडलेला असतो. कारणाशिवाय केलेला अंदाज खरा ठरला तरी काही शिकवीत नाही, आणि खोटा ठरला तरी त्याला जाब विचारता येत नाही. तो 'अंदाजपंचे' राहतो. मग निकालानंतर जे लिहिले जाते ते वरातीमागून घोडे याच जातीचे असते: जिंकलेला घोडा जिंकण्यास योग्यच होता, एवढेच त्यातून निष्पन्न होते.

५

हा केवळ शैलीचा प्रश्न असता तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. डॉ. के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तमिळनाडू राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निर्णय दिला की घोड्यांची शर्यत हा प्राधान्याने कौशल्याचा खेळ आहे, जुगार नव्हे. मद्रास रेस क्लबच्या संदर्भात उद्भवलेल्या या खटल्यातील युक्तिवादाचा गाभा साहित्याभ्यासकाने लक्षात घेण्याजोगा आहे. शर्यतीचा निकाल निव्वळ दैवाधीन नसतो. घोड्याचे प्रशिक्षण, जॉकीचे नैपुण्य, वजनाची वाटणी या सर्वांचा त्यात वाटा असतो, आणि पैज लावणारा या गोष्टींचा अभ्यास करून निर्णय घेऊ शकतो. म्हणजे खेळाची कायदेशीर प्रतिष्ठा एका विशिष्ट प्रकारच्या वाचनावर आधारलेली आहे. पूर्ववृत्त वाचता येते, वाचून तर्क करता येतो, हे गृहीत धरले तरच शर्यत आणि सोडत यांत फरक करता येतो.

हे वाचन समाजात दृश्य कोठे होते? न्यायालयाच्या निकालपत्रात ते तत्त्वरूपाने आहे. बुकीच्या रिंगणात ते खाजगी व अबोल आहे. ते सार्वजनिक, लिखित आणि तपासण्याजोगे व्हावे अशी जागा वृत्तपत्राच्या रेसच्या स्तंभाची होती. त्या स्तंभाने कारणे गाळून तीन नावे तेवढी ठेवली, तेव्हा कौशल्याच्या खेळाचे दैनंदिन चित्र सोडतीच्या आकड्यासारखे दिसू लागले. शर्यतीविषयी काही ठाऊक नसलेला नागरिक ते पान पाहून 'हा तर जुगारच' असे म्हणाला, तर त्याला दोष कसा द्यावा?

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे. वस्तू व सेवा करासंबंधीच्या वादात कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बंगळूर टर्फ क्लबच्या बाजूने निर्णय देऊन कर क्लबच्या कमिशनपुरता असावा असे म्हटले होते. परंतु ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने घोडेशर्यत, कॅसिनो, सट्टा, लॉटरी व पैशाचे ऑनलाइन खेळ यांना एकाच यादीत बसवून पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के कर लावला. सप्टेंबर २०२५ पासून हा दर ४० टक्के झाला. दरम्यान २००९ च्या अखेरीस संपलेल्या जमिनीच्या भाडेपट्ट्याचा वाद होताच. २०२४ च्या उन्हाळ्यात शर्यतींच्या परवान्याचा प्रश्नही उच्च न्यायालयात गेला. कर आणि परवाना यांविषयीचे हे निर्णय योग्य की अयोग्य हा वेगळा विषय आहे. येथे मुद्दा एवढाच की १९९६ च्या निर्णयाने केलेला कौशल्य आणि दैव यांतील भेद धोरणाच्या भाषेतून पुसट होत असताना, तो भेद रोजच्या लेखनात जिवंत ठेवू शकणारा प्रकार स्वतःच कारणे सांगेनासा झाला होता.

याला आणखी एक बाजू आहे. भारतात शर्यतींचे नियमन करणारी एकच मध्यवर्ती संस्था नाही. मुंबई-पुणे, कोलकाता, चेन्नई, बंगळूर आणि हैदराबाद येथील क्लब आपापल्या क्षेत्रात नियामक आहेत. म्हणजे शर्यतींचा आयोजक आणि त्यांतील गैरप्रकारांची चौकशी करणारे पंच एकाच संस्थेच्या छत्राखाली येतात. अशा व्यवस्थेत बाहेरून पाहणारी जी नजर लागते ती जाणकार रेस-लेखकाची असते. मागील शर्यतीत निष्प्रभ ठरलेला घोडा आज अचानक का सुधारला, जॉकीने त्याला तेव्हा पुरेसे पळवले होते का, हे प्रश्न पूर्ववृत्त बारकाईने वाचणाराच विचारू शकतो. लेखक तीन नावांवर थांबला की हे प्रश्न विचारणारा कोणी उरत नाही. मग शर्यतींविषयीच्या गंभीर बातम्या शहराच्या किंवा न्यायालयाच्या वार्ताहराकडे जातात, ज्याला घोड्याची संहिता वाचता येत नाही.

६

या ऱ्हासाची सर्वसाधारणपणे सांगितली जाणारी कारणे तंत्रज्ञानाशी संबंधित आहेत. शर्यतीचे चित्रण आज कोणालाही पुन्हा पाहता येते, आकडेवारी मोबाइलवर मिळते, वृत्तपत्रातील जागा आक्रसली आहे. ही कारणे खरी आहेत, पण पुरेशी नाहीत. चित्रण काय घडले ते दाखवते, का घडले ते सांगत नाही. नाटकाचे ध्वनिचित्रमुद्रण उपलब्ध झाल्याने नाट्यसमीक्षा अनावश्यक ठरली असे कोणी म्हणत नाही. इंग्लंडमध्ये १८५९ पासून निघणारे 'स्पोर्टिंग लाइफ' हे छापील पत्र १९९८ मध्ये बंद पडले, तरी १९८६ मध्ये सुरू झालेल्या 'रेसिंग पोस्ट'मधून विवेचक लेखनाची परंपरा चालू राहिली. माध्यम बदलले म्हणून कारणे सांगण्याची सवय सुटलीच पाहिजे असे नाही.

अधिक खोल कारण या प्रकाराच्या घटनेतच आहे. टोटच्या व्यवहारात एखाद्या घोड्याचे गुण सर्वांना कळले की सर्वजण त्यालाच लावतात आणि त्याचा भाव उतरतो. ज्याला खरोखर काही उमगले आहे त्याच्या आर्थिक हिताला मौन अधिक उपकारक असते. बायर यांचे आकडे सर्वांच्या हाती पडल्यावर त्यांपासून एकट्यादुकट्याला होणारा लाभ घटला, तो याच न्यायाने. म्हणून कारणासहित लिहिणाऱ्या रेस-लेखकाला पैजेपेक्षा वाचकाशी अधिक निष्ठा ठेवावी लागते. ज्ञान गुप्त ठेवून विकणारा 'टिप' देतो. ज्ञान उघड करून स्वतःची कसोटी लावून घेणारा समीक्षा करतो. फोनवरून टिपा विकणाऱ्यांच्या बाजाराशी स्पर्धा करण्याच्या नादात स्तंभाने टिपेचेच रूप घेतले, आणि त्या रूपात टिकून राहण्याचे त्याला काही कारण उरले नाही. नुसती नावे तर कोणीही देतो.

येथे गतकाळाचे उदात्तीकरण टाळले पाहिजे. जुन्या रेसच्या पानावर मालक, राजेरजवाडे आणि क्लबचे सभासद यांच्या कौतुकाचा भाग मोठा होता. ते लेखन इंग्रजी जाणणाऱ्या थोड्यांसाठी होते. स्टँडमध्ये कन्नड, तमिळ, दख्खनी अशा अनेक भाषांत चालणारी चर्चा त्या इंग्रजी पानावर क्वचितच पोहोचली. लिखित भाषा एक आणि विचारविनिमयाच्या भाषा अनेक, ही दरी बंगळूरच्या रेस-लेखनाची मूळ मर्यादा आहे. बोलीतील तर्क लेखनात आला असता तर कारणमीमांसेला वेगळा आधार मिळाला असता.

७

मराठीच्या दृष्टीने ही दरी अधिक बोचणारी आहे. बडोद्याच्या प्रतापसिंहराव गायकवाडांच्या 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' या घोडीने १९४३ मध्ये पहिली इंडियन डर्बी जिंकली. त्यांच्याच 'सयाजीराव' या घोड्याने १९४७ मध्ये इंग्लंडमधील सेंट लेजर, तर 'माय बाबू' याने १९४८ मध्ये टू थाउजंड गिनीज ही शर्यत मिळवली. पांडू खाडे, वसंत शिंदे यांच्यासारखे जॉकी मराठी घरांतून आले. परंतु त्यांच्या कलेचे विवेचन करणारे गद्य मराठीत जवळजवळ निर्माणच झाले नाही. गाण्याच्या मैफलीचे केशवराव भोळे यांनी आणि मैदानी खेळांचे वि. वि. करमरकर यांनी जे केले, म्हणजे आस्वादाला कारणांची जोड देऊन वाचक घडवला, ते रेसच्या वाट्याला आले नाही. मराठी वृत्तपत्रांत रेसला जागा मिळाली तीही बहुधा अंदाजाच्या चौकटीपुरती. इंग्रजी स्तंभाचे आज जे झाले आहे, ती मराठी स्तंभाची प्रारंभापासूनची अवस्था होती.

रेस-पत्रकारितेच्या या स्थितीतून समीक्षेच्या अभ्यासकाला मिळणारा धडा त्या प्रकारापुरता मर्यादित नाही. निर्णय आणि कारण यांची फारकत झाली की निर्णय टिकतो, किंबहुना अधिक आटोपशीर व ठाम दिसू लागतो. तारांकने, क्रमवाऱ्या, 'वर्षातील दहा उत्कृष्ट पुस्तके' यांच्या रूपाने ती फारकत साहित्याच्या क्षेत्रातही रूढ झाली आहे. तेथे तिचे दुष्परिणाम दिसायला वेळ लागतो, कारण साहित्याचे घोडामैदान दूर असते. बंगळूरच्या रेसकोर्सवर ते शेजारीच आहे. ज्या प्रकारात चूक त्याच दुपारी उघडी पडते, त्या प्रकारानेही कारणे देणे सोडावे, यावरून कारणे देण्याची सवय पडताळ्याच्या भीतीने टिकत नाही असा निष्कर्ष निघतो. वाचक आपल्याइतकाच विचार करू शकतो असे लेखकाने मानले, तरच ती टिकते.